नकाशा पुस्तक मिटून काढावा

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत हल्ली प्रकरणाच्या शेवटी रंगीत माइंड मॅप छापलेला असतो. मधोमध विषय, भोवती फांद्या, फांदीवर एकेक शब्द. मुलं तो पाहतात, फार तर वहीत उतरवून घेतात आणि धडा पक्का झाला असं धरून चालतात. पद्धत गुणाची आहे, म्हणूनच ती अशी वाया जाताना वाईट वाटतं.

टोनी बुझान या ब्रिटिश लेखकानं १९७४ साली बीबीसीवरच्या मालिकेतून माइंड मॅप घरोघरी पोचवला. पण खरा फायदा रंगांत आहे की फांद्यांत? माझ्या मते दोन्हींत नाही. कोऱ्या कागदावर मधोमध 'महाराष्ट्रातला पाऊस' लिहून बघा. मोसमी वारे, सह्याद्री, कोकण, पर्जन्यछाया हे शब्द भराभर येतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि घाट उतरलं की वाईला त्याचा लहानसा हिस्सा, हेही आठवतं. मग हात थांबतो. सोलापूरची ज्वारी कुठे जोडायची? पर्जन्यछायेला, की जमिनीच्या फांदीला? कमी पावसातही काळ्या मातीत टिकलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते, म्हणजे रेघ दोन्हींकडे न्यावी लागते. त्या थांबण्यातच अभ्यास होतो. छापील नकाशात ही रेघ दुसऱ्यानं आधीच ओढलेली असते.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ साली याच्या जवळचाच प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले; काहींनी वाचलेलं बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते, अगदी चाचणीत नकाशाच काढायला सांगितला तेव्हाही. पुढे त्याच दोघांनी नकाशाही आठवून काढायला लावला, तेव्हा तो आठवून लिहिण्याइतकाच उपयोगी ठरला. दोष नकाशाचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता.

आठवून काढलेला नकाशा ओबडधोबड दिसतो, मध्ये मोकळ्या जागा राहतात आणि मुलांना त्याची लाज वाटते. शिक्षकांनी नेमक्या त्या मोकळ्या जागा बघाव्यात. सुबक नकाशाला मार्क देणं थांबवा. धडा संपला की पुस्तकं मिटायला सांगा, कोरा कागद द्या आणि दहा मिनिटं वर्गात कुणालाही काही सांगू नका.