विकत घेणाराचें पाप

मनुस्मृतींत मांसभक्षणाच्या प्रकरणीं पशु मारणाराबरोबरच त्याचें मांस विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा व खाणारा या सर्वांस घातक म्हटलें आहे. घेणाराच्या दोषाविषयीं आमच्या पूर्वजांस फारसा संशय नव्हता, असें यावरून दिसतें. परंतु एका प्रश्नाचें उत्तर तेथें मिळत नाहीं. आपण घेतों तो माल पापाचा आहे हें कळल्यापासून तो घेणें सोडीपर्यंत किती काळ जाऊं द्यावा? हा प्रश्न आम्हांस गिनीच्या आखातांतील साओ टोमे व प्रिन्सिपे या चिमुकल्या बेटांच्या इतिहासानें सुचविला.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोर्तुगीज खलाशी येथें उतरले तेव्हां बेटांवर मनुष्यवस्ती नव्हती. मग ऊस आला, आणि उसाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले गुलाम आले. पुढें ब्राझीलच्या साखरेपुढें हा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकांत त्याची जागा कॉफीनें व कोकोनें घेतली. १८७५ सालीं कायद्यानें गुलामगिरी रद्द झाली. बदलली ती कायद्याची भाषा मात्र! अंगोलांतून माणसें येतच राहिलीं. आतां त्यांना करारबद्ध मजूर म्हणूं लागले, इतकेंच. आपल्याकडील गिरमिटाची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. करार पांच वर्षांचा. पण तो संपवून घरीं परतलेला मजूर जवळजवळ कोणी पाहिला नव्हता. अशा हातांनीं पिकविलेला कोको विसाव्या शतकाच्या आरंभीं जगाच्या बाजारांत अग्रभागीं होता.

त्या कोकोचें एक मोठें गिऱ्हाईक म्हणजे बर्मिंगहॅमची कॅडबरी कंपनी. मालक क्वेकर पंथाचे, गुलामगिरीचे हाडवैरी, आपल्या कामगारांसाठीं टुमदार वसाहत बांधणारे. म्हणूनच ही गोष्ट सांगण्याजोगी. दुर्जनांच्या उदाहरणापासून सज्जनांनीं शिकण्यासारखें फारसें नसतें. १९०१ सालीं विल्यम कॅडबरी यांच्या हातीं विक्रीस निघालेल्या एका मळ्याची यादी आली. तींत मजुरांची किंमतही मालमत्तेंत धरली होती. १९०३ मध्यें ते लिस्बनला जाऊन आले. सुधारणेचीं आश्वासनें मिळालीं. १९०५ मध्यें त्यांनीं जोसेफ बर्ट यांस चौकशीसाठीं धाडलें. पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांचें अंगोलाच्या व बेटांच्या प्रवासावरील पुस्तक १९०६ सालीं निघालें. १९०८ मध्यें विल्यम स्वतः बेटांवर गेले. खरेदी थांबली ती मार्च १९०९ मध्यें.

आठ वर्षें! कंपनीचें म्हणणें असें कीं, आपण गिऱ्हाईक आहों तोंवरच आपल्या शब्दाला वजन. खरेदी सोडली कीं सुधारणा करविण्याचें साधनही गेलें. यांत तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्यांनीं पाठ फिरविल्यावर तोच कोको इतर देशांतले व्यापारी घेत राहिलेच. पण वजन राखण्यासाठीं घेतलेल्या मालावर नफाही मिळत असतो. आणि आपण वाट पाहतों ती वजनासाठीं कीं नफ्यासाठीं, हें वाट पाहणाराला स्वतःलाही सांगतां येत नाहीं. मुदत ठरवून धीर धरणें आणि मुदतीवांचून धीर धरणें यांत आम्ही म्हणूनच मोठा भेद मानतों. 'स्टँडर्ड' पत्रानें टीका केली तेव्हां कंपनीनें बदनामीची फिर्याद केली. डिसेंबर १९०९ मध्यें ज्यूरीनें निकाल कंपनीच्या बाजूनें दिला, आणि भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा.

बेटांवर मात्र एक वर्ग असा होता कीं, त्याला विचार करावयास आठ वर्षें लागलीं नाहींत. पूर्वींच मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज, ज्यांना तेथें फोरो म्हणतात, ते मळ्यांतील मजुरीला गुलामगिरी समजून तिच्या वाटेस जात नसत. मळेवाल्यांनीं त्यांना आळशी ठरविलें. १९५३ च्या फेब्रुवारींत आपल्याला सक्तीनें मळ्यांवर जुंपणार अशी वार्ता पसरून ते खवळले, आणि बातेपा व आसपासच्या भागांत पोर्तुगीज गव्हर्नराच्या माणसांनीं त्यांची कत्तल केली. १२ जुलै १९७५ रोजीं बेटें स्वतंत्र झालीं, मळे सरकारचे झाले, आणि कोकोचें पीक झपाट्यानें घसरलें. पोर्तुगीज निघून गेले, जाणती माणसें उरलीं नाहींत, हीं कारणें खरींच. परंतु त्या मळ्यांत राबण्याची इच्छा मागें राहिलेल्या कित्येकांस नव्हती, हेंही एक कारण होतें. त्याला आळस म्हणावयास आम्ही धजत नाहीं. बातेपाच्या मृतांसाठीं ३ फेब्रुवारी हा दिवस तेथें अजूनही पाळला जातो.