श्याओल्वानची कबुली

"मावशी, ती प्लँचेटवरची प्रश्नोत्तरं मी बायकांच्या कवितांच्या संग्रहातून काढून टाकतेय."

"का गं? सगळ्यात चुणचुणीत तेच तर आहे त्यात."

"आहे, पण कुणाचं? चिनी कवयित्री ये श्याओल्वान १६३२ मध्ये गेली, लग्न पाच दिवसांवर आलेलं असताना. ही उत्तरं १६३५ची. बाप लेकीच्या दुःखानं वेडापिसा झालेला, आणि माध्यम म्हणून बसलेला जिन शंगथान तिच्या आवाजात बोलतोय. पुढे साहित्याचा टीकाकार म्हणून गाजला तोच."

"बोलतोय काय, ते तरी बघ. दीक्षा मागणाऱ्या आत्म्याला गुरू विचारतो, जीवहत्या केलीस? ती म्हणते, केली. दासीला सांगून फुलांवरचे किडे काढवले, पंख्यानं फुलपाखराचे पंख मोडले. असं एकेक पाप तो विचारतो आणि ती दर वेळी दोन ओळींत नटूनथटून कबुली देते."

"तिथंच मेख आहे. बौद्धांच्या यादीत नटवं बोलणं हेही पापच. म्हणजे जन्मभर जिनं कविता केली, तिच्याकडून कविता हाच गुन्हा म्हणून वदवून घेतला."

"कवितेतच वदवला ना? गुन्हा कबूल करताना पुन्हा तोच गुन्हा! मला तर यात धर्माचीच फजिती दिसते."

"दिसू दे. पण ती फजिती पुरुषानं रचलेली. बाईच्या खात्यावर कशी मांडू?"

(मावशी इथं गप्प बसली असती, तर ती मावशी कसली.)

"मग तिच्या आईचं ऐक. शन यीश्यू स्वतः कवयित्री, आपल्या काळातल्या बायकांच्या कविता जमवणारी. तिनं लेकीचं चरित्र लिहिलंय. शेवटच्या घटकेला पोरगी स्वच्छ आवाजात बुद्धाचं नाव घेत होती, असं ती सांगते. ही श्रद्धा काही जिननं मागून घुसडलेली नाही. जिवंतपणीच्या कवितांतही ती अमर सिद्धांच्या लोकाची ओढ लावून बसलेली आहेच. आणि वूच्यांगच्या ये घराण्यानं १६३६ मध्ये आईचं, लेकींचं लेखन छापलं, त्यात हे प्लँचेटही आलं. तू कोण वेगळं काढणार?"

"आईनं ऐकलेलं नामस्मरण मी मान्य करते. तिच्या कविता तिच्याच नावाखाली राहतील. प्लँचेटही छापते, पण शेवटी, जिनच्या नावाखाली."

"तो म्हणेल, मी नुसतं माध्यम."

"म्हणू दे. तो गुरूही त्याच्याच अंगात यायचा. प्रश्नही त्याचे, उत्तरंही त्याचीच."