मिसरी कोण?

बाळ येशूला हेरोदाच्या तलवारीपासून वाचवण्यासाठी योसेफाने ज्या देशाची वाट धरली, त्याला आपल्या मराठी बायबलमध्ये मिसर म्हटले आहे. शाळेच्या भूगोलात तोच देश इजिप्त होतो. ही दोन नावे आपल्याकडे गुण्यागोविंदाने नांदतात. प्रवचनात एक, परीक्षेत दुसरे. त्या देशाच्या लोकांना मात्र या नावांमागचा प्रश्न गेली शंभर वर्षे स्वस्थ बसू देत नाही.

देशाला तेथील सामान्य माणूस ‘मिस्र’ म्हणतो, आणि राजधानी कैरोलाही तो मिस्रच म्हणतो. ‘इजिप्त’ हे नाव ग्रीकांनी रूढ केले. मेम्फिस नगरीतील प्ताह देवाच्या मंदिराच्या नावावरून त्यांनी ‘आयगुप्तोस’ हा शब्द घडवला. पुढे सातव्या शतकात अरब आले. त्यांनी त्या शब्दाचे दोन्ही काठ कापून ‘किब्त’ एवढाच उच्चार ठेवला. हाच आपला ‘कॉप्ट’. म्हणजे कॉप्ट या शब्दाचा मूळ अर्थ ख्रिस्ती असा नव्हेच; त्याचा अर्थ इजिप्तचा रहिवासी, इतकाच. कालांतराने बहुसंख्य रहिवासी मुसलमान झाले आणि देशाचे जुने नाव तेवढे ख्रिस्ती लोकांकडे उरले. आज ते दर दहा माणसांमागे साधारण एक असावेत, असे बहुधा धरले जाते. नेमका आकडा हाही तेथे वादाचाच विषय आहे.

अशा स्थितीत एखाद्या कॉप्ट घरात ‘खरे मिसरी आम्हीच’ असे म्हटले जात असेल, तर ते समजण्यासारखे आहे. भाषेचा पुरावाही त्यांच्या बाजूने आहे. कॉप्टिक भाषा ही फेरोंच्या भाषेचीच शेवटची पायरी. ग्रीक लिपी आणि जुन्या लिपीतली काही अक्षरे यांत ती लिहिली गेली. बोलण्यातून ती शतकांपूर्वी लोपली. उपासनेत मात्र टिकली. १८२२ साली शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाने चित्रलिपीचे कोडे उलगडले, ते कॉप्टिक अवगत होती म्हणून. ज्या भाषेत पिरॅमिड बांधणाऱ्यांनी हिशेब ठेवले, तिचीच लेक आजही वेदीपुढे उच्चारली जाते, ही गोष्ट लहान नाही.

तरीही ‘खरे आम्हीच’ या वाक्यात एक अन्याय लपला आहे, असे आम्हांस वाटते. नाईलकाठी नांगर धरणारा मुसलमान शेतकरी आला कोठून? अरबांच्या स्वारीबरोबर आलेले सैन्य थोडे होते. देशाचा धर्म बदलला तो काही शतकांत, हळूहळू, कोठे करांच्या ओझ्याने, कोठे श्रद्धेने, कोठे सोयीने. म्हणजे त्या शेतकऱ्याचे पणजोबा-खापरपणजोबा बहुतांशी कॉप्टच होते. गावाकडे तर ‘अरब’ हा शब्द आजही वाळवंटातल्या बदाऊनांसाठी वापरला जातो. धर्म बदलल्याने माणसाचे पूर्वज बदलत नाहीत, हे आपण ख्रिस्ती लोकांनी तरी विसरू नये. आपल्यालाही कधीमधी ‘तुम्ही मूळचे कोण?’ असे विचारले जाते, आणि त्या प्रश्नाचा रोख आपल्याला नीट कळतो.

१९१९ साली इंग्रजांविरुद्ध उठाव झाला तेव्हा या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर रस्त्यावर मिळाले होते. साद झग्लूल यांच्या नेतृत्वाखालच्या त्या चळवळीत चंद्रकोर आणि क्रूस एकाच निशाणावर फडकले. सर्गियस नावाच्या कॉप्ट धर्मगुरूने अल-अझहर मशिदीच्या व्यासपीठावरून भाषण केले. ‘धर्म ईश्वराचा, मायभूमी सर्वांची’ ही त्या दिवसांची घोषणा. १९२२ साली तुतानखामेनची कबर उघडली आणि सुशिक्षितांच्या मनात फेरो जागे झाले. महमूद मुख्तार यांनी घडवलेला ‘मिसरची जागृती’ हा स्फिंक्स आणि शेतकरीण यांचा पुतळा १९२८ मध्ये कैरोत उभा राहिला. १९३८ साली ताहा हुसेन यांनी तर आपला देश भूमध्य समुद्राच्या संस्कृतीचा आहे, असे प्रतिपादन केले. ते स्वतः अल-अझहरमध्ये शिकलेले, अंध, अरबी गद्याचे श्रेष्ठ लेखक. अरबी भाषेवर इतके प्रेम करणाऱ्या माणसाला अरबपणा पुरेसा वाटू नये, यात विसंगती नाही. भाषा आणि कूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

मग नासर आले आणि वारे फिरले. १९५८ मध्ये सीरियाशी एकीकरण होऊन संयुक्त अरब प्रजासत्ताक स्थापन झाले. सीरिया १९६१ मध्ये बाहेर पडला, तरी तेच नाव १९७१ पर्यंत चालले. जगातील एक अतिप्राचीन देश तेरा वर्षे स्वतःच्या नावाशिवाय जगला! त्याच काळात, विशेषतः १९५६ च्या सुएझ युद्धानंतर, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेले ज्यू, ग्रीक आणि इटालियन लोक देश सोडून गेले. एकट्या ज्यूंची संख्या एके काळी पाऊण लाखाच्या आसपास होती. आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. अलेक्झांड्रिया शहर त्यामुळे किती उणे झाले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

आता ज्या प्रश्नापाशी आम्हांला थांबावेसे वाटते तो हा: कॉप्टांना ‘अल्पसंख्याक’ म्हणावे काय? १९२३ ची राज्यघटना तयार होत असताना त्यांच्यासाठी राखीव जागांची सूचना आली होती. अनेक कॉप्टांनीच ती नाकारली. आम्ही देशाचा एक तुकडा नव्हे, देशाच्याच विणीतले धागे आहोत, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९९४ साली अरब जगातील अल्पसंख्याकांवर एक परिषद भरायची होती. यादीत कॉप्टांचे नाव दिसताच कैरोत एवढे वादळ उठले की परिषद सायप्रसला न्यावी लागली. विरोध करणाऱ्यांत मुसलमान विचारवंत होते, तसेच स्वतः पोप शेनुदा तिसरे हेही होते.

आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. आपल्या संविधान सभेतील अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते, आणि १९४९ मध्ये आपल्याकडेही धर्मावर आधारित राखीव जागा सोडून देण्यात आल्या. तो निर्णय उदात्त होता. पण आपल्या घटनेने त्याबरोबर अल्पसंख्याकांचे हक्कही लिहून ठेवले. मिसरमध्ये शब्द नाकारला गेला, आणि शब्दाबरोबर गाऱ्हाणे मांडण्याची जागाही गेली. ‘आपण सारे एकच’ हे वाक्य दुबळ्याच्या तोंडी असते तेव्हा ती मागणी असते. बलवानाच्या तोंडी तेच वाक्य अनेकदा ‘गप्प बस’ असे ऐकू येते.

कारण गाऱ्हाणी खरी होती. नवे चर्च बांधण्यासाठी १८५६ चे उस्मानी फर्मान आणि १९३४ च्या दहा अटी यांचा अडसर २०१६ पर्यंत होता. त्या वर्षी नवा कायदा झाला. प्रत्येक नागरिकाच्या ओळखपत्रावर धर्माचा रकाना आहे. संगणकीय ओळखपत्रे आली तेव्हा त्या रकान्यात इस्लाम, ख्रिस्ती आणि यहुदी एवढेच पर्याय होते. बहाई पंथाच्या लोकांनी काय लिहावे? खोटे लिहा, नाहीतर ओळखपत्राविना राहा. २००९ साली उच्च प्रशासकीय न्यायालयाच्या निकालाने त्यांना तेथे नुसती एक आडवी रेघ मारून घेण्याची मुभा मिळाली. माणसाच्या श्रद्धेच्या जागी एक रेघ! तरी ती रेघ मिळवायलाही त्यांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

धर्म एक असला म्हणजे सारे सुरळीत होते, असेही नाही. दक्षिणेकडचे नुबियन लोक मुसलमानच. वर्ण सावळा, भाषा स्वतःची. आस्वानच्या उंच धरणासाठी १९६३-६४ मध्ये त्यांतल्या सुमारे पन्नास हजारांना कोम ओंबोकडे हलवण्यात आले. त्याच सुमारास अबू सिंबेलची मंदिरे वाचवण्यासाठी जगभरातून पैसा आला. डोंगर कापून, दगडावर क्रमांक घालून ती वर नेऊन पुन्हा उभी केली. सूर्यकिरण गाभाऱ्यात शिरण्याची योजनाही सांभाळली. फेरोच्या मूर्तीसाठी जग हळहळले. त्या मूर्तीच्या सावलीत खजूर पिकवणाऱ्यांना मात्र नदीपासून दूर घरे मिळाली. २०१४ च्या घटनेच्या २३६ व्या कलमात त्यांना दहा वर्षांत मूळ भूमीकडे परत नेण्याच्या योजनांचे वचन दिले गेले. ती दहा वर्षे २०२४ मध्ये उलटली. एखादे राष्ट्र आपल्या प्राचीन वैभवाचा अभिमान बाळगत असेल, तर त्या वैभवाच्या शेजारी जगणाऱ्या माणसाचे त्यात काय स्थान, असा प्रश्न येथे उभा राहतो. आणि तो फक्त मिसरला विचारायचा प्रश्न नव्हे. आपल्याही धरणांखाली गावे आहेत.

२०११ या एका वर्षात या देशाने दोन्ही टोके पाहिली. एक जानेवारीला अलेक्झांड्रियातील चर्चबाहेर स्फोट झाला. त्यानंतरच्या कॉप्टिक नाताळला अनेक मुसलमान चर्चमध्ये आणि दारांशी संरक्षणाला उभे राहिले. तहरीर चौकात मुसलमान नमाज पढत असता ख्रिस्ती तरुणांनी हातात हात घालून कडे केले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, मास्पेरो येथे निदर्शने करणाऱ्या कॉप्टांवर लष्कराची चिलखती वाहने चालून गेली. वीसहून अधिक माणसे मेली.

२०१५ च्या फेब्रुवारीत लिबियाच्या किनाऱ्यावर एकवीस मजुरांचा शिरच्छेद झाला, तो ते ख्रिस्ती होते म्हणून. पोटासाठी परदेशी गेलेली ही साधी माणसे होती. वीस जण मिसरचे, बहुतेक मिन्या प्रांतातले. एकविसावा मॅथ्यू हा घानाचा, कॉप्टही नव्हे. मिसरच्या शासनाने अल-ओर गावी त्यांच्या नावे चर्च बांधण्यास संमती दिली, तेव्हा गावातल्याच एका जमावाने विरोध केला. तरी ते उभे राहिले. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या एकवीस जणांची नावे रोमन ख्रिस्तसभेच्या हुतात्म्यांच्या नोंदवहीत घातली. इ. स. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेनंतर दुरावलेल्या एका ख्रिस्तसभेचे हुतात्मे आता आपलेही झाले. मॅथ्यूचे अवशेष २०२० साली लिबियाहून आणले गेले. ज्याच्या ओळखपत्रावर मिसरचे नाव कधीच नव्हते, तो आज त्या वीस जणांच्या शेजारी, मिसरच्या मातीत विसावला आहे.