कळवळा आणि हिशेब

डाव्या बाजूने कादंबरी वाचायची म्हणजे तिच्या पानांवर कोण राबते, त्या राबण्याचे पुढे काय होते आणि ते कोणाच्या नजरेने सांगितले जाते, हे पाहायचे. व्याख्या साधी आहे, पण मराठीत ती क्वचित पाळली जाते. तिच्या जागी एक वेगळीच चौकशी चालते: लेखक कोणाच्या बाजूचा? फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात, त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनाचा मांडवही उभा राहिला. कोण कोणत्या मांडवात दिसला याची चर्चा भरपूर झाली. कोणते पुस्तक कसे वाचावे, याची त्या मानाने फारच थोडी.

या वादाचा मागचा पट सर्वांच्या ओळखीचा आहे. फडके-खांडेकरांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा झगडा, लालजी पेंडसे यांचे ‘साहित्य आणि समाजजीवन’, पुढे अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबुराव बागूल. तो पुन्हा उलगडण्याचे कारण नाही. कलाकृती स्वायत्त असल्याने तिला पैशाअडक्याचे विचारू नये, हे म्हणणे कादंबरीपुरते तरी टिकत नाही. कादंबरीत माणसे जेवतात आणि ते जेवण कोणीतरी रांधलेले असते.

बाजू पाहून वाचले की काय हुकते, याचे उदाहरण अमळनेरचेच घेता येईल. साने गुरुजी १९२४ पासून तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी आणि गिरणी कामगारांसाठी त्यांनी जे केले त्यावरून त्यांची बाजू कोणती, याविषयी शंका राहत नाही. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात एक अस्पृश्य म्हातारी आहे. तिची लाकडाची मोळी खाली पडते आणि ती डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला पाठवते; मोळी उचलून दे म्हणते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. त्या काळाच्या मानाने हे मोठेच धाडस. पण मोळी एकदा डोक्यावर चढली की गोष्ट श्यामच्या आणि आईच्या मनाकडे वळते. ते रान कोणाचे, दिवसभराच्या तोडीचे म्हातारीच्या पदरात काय पडायचे, हे प्रश्न त्या गोष्टीचे नाहीत. त्याच पुस्तकात श्यामच्या घरावरचे कर्ज मात्र जिव्हारी लागेल इतक्या जवळून येते: सावकाराचा माणूस दारात बसतो, आई अपमान गिळते. घर खोताचे आहे. खोताला कुळांकडून काय येत होते, हे मात्र बहुतांशी पडद्याआड राहते.

येथे कळवळा आणि हिशेब असा भेद करावा लागतो. कळवळ्यात दुःख दिसते आणि ते पाहणाऱ्याचे मन ओले होते. हिशेबात देणारा, घेणारा आणि मधला दलाल दिसतो. कळवळा उजव्या लेखकालाही असतो, किंबहुना पुष्कळ असतो. तेव्हा डाव्या वाचनाला कळवळ्यावर थांबणे परवडणारे नाही. एंगल्सने १८८८ मध्ये इंग्रज कादंबरीकार मार्गारेट हार्कनेसला लिहिलेल्या पत्रात बाल्झाकचा दाखला दिला, तोही याच कारणाने. बाल्झाक राजेशाहीचा पक्षपाती होता. तरीही फ्रेंच समाजातल्या मालमत्तेच्या घडामोडी त्याच्या कादंबऱ्यांत जितक्या सापडतात तितक्या व्यावसायिक इतिहासकारांकडेही सापडत नाहीत, असे एंगल्सचे म्हणणे होते.

खानदेशातला जवळचा दाखला ‘कोसला’चा. १९६३ च्या या कादंबरीला एका व्यक्तीची निरर्थकता म्हणून बाजूला सारणारे डावे वाचक पुष्कळ झाले. वास्तविक पांडुरंग सांगवीकर पुण्यात जगतो तो वडिलांच्या पैशावर, आणि कादंबरी ही गोष्ट क्षणभरही विसरत नाही. मेसची सेक्रेटरीगिरी, तिथे आलेली खोट, ती भरून देणारे वडील, त्यांचा तुटक राग: मुलाचे शिक्षण म्हणजे शेतातला पैसा शहरात कसा जिरतो याची गोष्ट, हे त्या पानांवर स्वच्छ दिसते. बंडखोर मुलाच्या बंडाचा खर्च कोण देतो, हे सांगणारी कादंबरी मराठीत तोवर विरळाच. हिशेब थांबतो तो वडिलांच्या ओट्यावर. त्या ओट्याखाली सालदार असतो. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला ठरते आणि पुढच्या आखाजीला संपते. वर्षाला किती धान्य, किती रोख, कपडे किती, अशी बोली होते. पांडुरंगाच्या मनीऑर्डरीत या बोलीचा वाटा किती, हे ‘कोसला’ विचारत नाही. तरीही जिथवर ती जाते तिथवर तिचा हिशेब चोख आहे, आणि डाव्या वाचकाने नेमकी तीच जागा पाहायला हवी.

येथे देशीवादाशी गाठ पडते, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. ‘कोसला’चे लेखक आणि देशीवादाचे प्रवर्तक भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, यावल तालुक्यातल्या सांगवीचा. साहित्य आपल्या भूमीत, आपल्या समूहाच्या परंपरेत रुजलेले असावे, हा त्यांचा आग्रह. त्याला प्रतिगामी म्हणून एका शब्दात हातावेगळे करणे हा डाव्यांचा आळस आहे. वारकरी, महानुभाव, फुले यांना देशीवादाने मराठी समीक्षेच्या मध्यभागी आणले आणि पुण्या-मुंबईच्या उसन्या अभिरुचीला जाब विचारला. अडचण त्याच्या प्रश्नात आहे. तो विचारतो, हे इथले की बाहेरचे? हिशेब असा आत-बाहेर मांडला की वहीत वर-खालचा रकाना उरतच नाही. बाहेरून आलेला शोषक ओळखू येतो. गावातलाच असेल तर तो परंपरेचा भाग होऊन बसतो.

शिवाय ज्या गावाला देशी म्हणायचे ते गाव तरी किती देशी? खानदेश इंग्रजांकडे आला १८१८ मध्ये. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभारली, आणि सपाटीवरची शेती निर्धास्त झाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाचे भाव भडकले, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली, आणि इथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांशी जोडला गेला. तापीकाठच्या शहादा-तळोद्याच्या जमिनी भिल्लांच्या हातून सावकार आणि बागायतदारांकडे गेल्या त्या याच घडामोडींत. ज्या वाड्याच्या माळ्यावर परंपरेची अडगळ साठली, त्या वाड्याच्या भिंतीत कापसाचा पैसा आहे. नेमाड्यांच्या २०१० च्या ‘हिंदू’चे उपशीर्षकच जगण्याची समृद्ध अडगळ असे आहे. अडगळ समृद्ध वाटते ती घराला माळा असलेल्यांना. सातपुड्यातल्या कुडाच्या घरात वापरात नसलेली वस्तू ठेवायला जागा नसते.

यावर देशीवाद्याचे उत्तर तयार असते: भिल्लांची गाणी, पावऱ्यांचे नाच, बायकांच्या ओव्या हेही देशीच आहे, त्याला आम्ही मान दिला. दिला, यात शंका नाही. पण तो मान संस्कृती म्हणून दिला. भिल्ल गातो तेव्हा तो देशी असतो. तोच शहाद्याच्या शेतात पहाटेपासून निंदणी करतो तेव्हा तो मजूर असतो, आणि त्या मजुराबद्दल देशीवादाकडे वेगळे म्हणण्यासारखे काही नाही. साहित्य मातीतून यावे, हे मान्य केले तरी मातीला सातबारा असतो. त्यावर कोणाचे नाव आहे हे न पाहता मातीचे गुण गायले की ते गुणगान, हेतू काहीही असो, त्या नावाच्या धन्याकडे जमा होते.

याच प्रश्नाला धुळ्यातून एक उत्तर आले. कॉम्रेड शरद पाटील यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. नुसत्या वर्गाच्या हत्याराने जातिसमाज उकलत नाही, हे त्यांचे म्हणणे. ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी ते साहित्यविचारात आणले आणि जाणिवेइतकेच नेणिवेला महत्त्व दिले. वर-खालचा रकाना आपल्याकडे जातीने आखलेला आहे, ही त्यांची दुरुस्ती डाव्या समीक्षेने पूर्णपणे पचवलेली नाही. मात्र ग्रंथ बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाच्या ज्ञानमीमांसेत इतका खोल उतरतो की समोर उघडलेले कादंबरीचे पान कसे वाचावे, हे वाचकाला स्वतःच शोधावे लागते.

ते पान कसे दिसेल, याचा अंदाज शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून आलेल्या वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेवरून येतो. ज्यांचे दुःख ते खाली बसलेले आणि ते दुःख सांगणारे व्यासपीठावर, अशी तिची मांडणी आहे. ती सहसा कार्यकर्त्यांवरची टीका म्हणून वाचली जाते. पण तिचा रोख गोष्ट सांगण्याच्या रीतीवरही आहे: कळवळा वरून खाली बोलतो, हिशेब मात्र ज्याचे देणे थकले आहे तोच आधी काढतो.

अशा हिशेबाची एक वही ऊसतोडीची. धुळे-नंदुरबारकडून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. ऊस तोडणारा नवरा आणि मोळ्या बांधून वाहणारी बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. हंगाम संपला की उचल वजा होते आणि बहुधा काही बाकी राहतेच, ती पुढच्या वर्षी ओढली जाते. या वहीतल्या एका ओळीत दोन माणसे, एक हत्यार, पावसाळ्यातली उपासमार आणि साखरेचा भाव इतके सगळे असते. तिच्याकडे कळवळ्याने पाहणाऱ्या कथेला उपाशी मूल पुरते. हिशेबाने पाहणाऱ्या कादंबरीला मुकादमाची वही उघडावी लागेल, त्याचे स्वतःचे कारखान्याकडचे देणे पाहावे लागेल, आणि एका कोयत्यात मोजलेल्या दोघांपैकी बायकोची मजुरी कोणाच्या हातात पडते, हेही.