वाकडे लाकूड आणि राजाची स्वारी



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. पृथ्वी, वायू, आकाश येथपासून थेट कोळी आणि कुंभारमाशी येथपर्यंत. त्यांत एक गुरू बाण करणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी गेली, पण त्याला पत्ता नाही; चित्त सगळे बाणात गेलेले. नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली, शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली काशीस ती पूर्ण केली, आणि हा शरकार आपल्या संप्रदायात घरोघरी पोचला.

गेली तीस वर्षे मी हा दृष्टान्त कीर्तनात सांगत आलो. चित्त एकाग्र असावे ते असे, म्हणून टाळी वाजवायची, आणि पुढच्या गुरूकडे वळायचे. परंतु तो बाण करणारा त्या क्षणी हातांनी नेमके काय करीत होता, हे मी एकदाही कोणाला विचारले नाही. खरे सांगायचे तर ते मला ठाऊकही नव्हते.

ते मला कळले सातपुड्यात. दोन वर्षांपूर्वी धडगावच्या बाजूला एका वाडीत सप्ताहाला गेलो होतो. होळी जवळ आली होती. दुपारी गावच्या मास्तरांबरोबर फिरताना एका झोपडीपुढे एक भिल्ल म्हातारबाबा कामठा करीत बसलेले दिसले. कामठा म्हणजे धनुष्य. त्या भागात तो बहुतकरून बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूच्याच पातळ कामटीची. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आली. आता कामठा निघतो तो राखणीला, होळीला नाहीतर नेमबाजीच्या खेळाला. पण बाबांच्या हातात त्या दिवशी धामणीचे लाकूड होते. धामण आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. कुऱ्हाडीचे दांडे, कावडीच्या काठ्या तिच्याच. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष असेही नाव आहे. चिवट लाकूड, लवते पण सहसा मोडत नाही.

लाकूड वाकडे होते. पुढेमागे वाक असता तर एक वेळ चालले असते, हा वाक बाजूला होता, डावीकडे. मी म्हटले, "बाबा, दुसरं सरळ लाकूड नव्हतं का?"

मास्तरांनी त्यांच्या बोलीत विचारले. बाबा हसले. मास्तर म्हणाले, "ते म्हणतात, डोंगराच्या उतारावर सरळ झाड कुठलं? जिकडं ऊन तिकडं ते जाणारच."

मग मी आपला शहाणपणा सांगितला. करवतीने दोन्ही कडा सरळ रेषेत कापून घ्याव्यात, वरून रंधा मारावा, म्हणजे झाले काम! बाबांनी मान हलवली आणि लाकडावरची एक रेघ बोटाने दाखवली. वाचकहो, लाकडात तंतू असतात, खालपासून वरपर्यंत लांबच लांब गेलेले. झाड जसे वाढले तसे ते गेलेले असतात, वाकडे तर वाकडे. बाबांनी ते लाकूड करवतीने कापलेलेच नव्हते. कुऱ्हाडीने फोडले होते. फोडले म्हणजे ते आपल्या तंतूंच्या वाटेने दुभंगते. करवतीने रेघ सरळ निघते खरी, पण तंतू मधेच तुटतात. दिसायला सुरेख सरळ धनुष्य होते, आणि ओढले की जिथे तंतू तुटला तिथे चीर जाते. बाबांचे शब्द मास्तरांनी सांगितले ते असे, "तासून सरळ केलेला कामठा भिंतीला टांगायला बरा."

मी तिथे बसलोच. कीर्तनाला अवकाश होता.

बाबांनी लाकडाला मोहाच्या बियांचे तेल चोळले, म्हणजे वरची बाजू करपत नाही आणि ऊब सारखी लागते. समोर निखारे होते, जाळ नव्हता. जाळाने वरचे जळते आणि आतले थंडच राहते. वाकलेला भाग निखाऱ्यांवर वीतभर उंचीवर धरून ते त्याला पुढेमागे सरकवीत, उलटवीत बसले. किती वेळ? मला वाटले झाले, तरी ते धरूनच. मधूनमधून तळहात लावून बघायचे. आमच्या गावचे सुतार वाफ देऊन लाकूड वाकवतात, त्यांचा ठोकताळा इंचभर जाडीला तासभर वाफ असा आहे. निखाऱ्याचे काम त्याहून लवकर होते, पण नजर काढता येत नाही.

असे का होते तेही सांगतो. लाकडाचे तंतू एका द्रव्याने एकमेकांशी जखडलेले असतात. शास्त्रज्ञ त्याला लिग्निन म्हणतात. थंडपणी ते कडक. पाणी उकळते त्याच्या आसपासची ऊब आतपर्यंत पोचली आणि लाकडात थोडी ओल शिल्लक असली की ते नरम पडते, तंतूंना किंचित हलायला जागा मिळते. निवले की जिथे असतील तिथे ते पुन्हा घट्ट धरतात. मात्र हा नरमपणा टिकतो फार थोडा वेळ. अगोदर जोर लावाल तर लाकूड मोडेल. उशीर केलात तर ते निवलेले असेल, किंवा आगीवर राहिले असेल तर करपलेले.

बाबांनी लाकूड उचलले, दाराजवळच्या खांबाच्या बेचक्यात अडकवले आणि हळूहळू दाबू लागले. आणि नेमकी त्याच वेळी खालून मिरवणूक आली. टाळ, मृदंग, पताका, पुढे मुले नाचताहेत. गावकरी मला न्यायला आले होते. चक्क माझ्याच स्वागताची मिरवणूक! मी मान वळवली, पागोटे सावरले, कोण कोण पुढे आहेत ते पाहिले.

परत बघतो तो बाबा तसेच. मृदंग अंगणात आला तरी त्यांचे डोळे लाकडावरून हलले नव्हते. आणि तेव्हा, वाचकहो, एकादश स्कंधातला तो शरकार मला पहिल्यांदा दिसला. बाणाच्या काडीचे काम तरी दुसरे काय असते? तीही शेकून सरळच करावी लागते. धम्मपदातसुद्धा चंचल मनाला हाच बाण सरळ करणाऱ्याचा दृष्टान्त दिलेला आहे. तो कारागीर राजाकडे बघत नव्हता, याचे कारण त्याच्या हातात ऊन लाकूड होते. राजा उद्याही जाईल, हा नरमपणा जाईल तो घटकेत जाईल. एकाग्रता ही त्याची काही मोठी साधना नव्हती हो. त्या काडीची त्याला काळजी होती.

मान वळली होती ती माझी.

आता जे सांगायचे ते सांगतो. याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या दिंडीत एक तरुण टाळकरी होता. गळा गोड, ताल पक्का. वडील अचानक गेले, थोडे कर्ज होते, आणि पोरगा दारूला लागला. मला कळले होते. एकटा गाठून बोलावे असे मनात चार वेळा आले आणि चारही वेळा काही ना काही काम निघाले. मग एका कीर्तनात तो मागे उभा असताना वास आला. समोर गावची मोठी मंडळी बसलेली. मी अभंग थांबवला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "टाळ खाली ठेव. तुळशीची माळ घालून पितोस, लाज नाही वाटत?" माना डोलल्या. कोणीतरी "वा बुवा!" म्हणाले. पोराने टाळ वाकून, आवाज न करता जमिनीवर ठेवले आणि तो गेला. मी अभंग पुढे धरला. त्या दिवशी कीर्तन फार रंगले असे सगळे म्हणाले. त्यानंतर तो दिंडीत आला नाही आणि पिणे वाढले.

मी वाकडे लाकूड थंड असताना दाबले होते. आणि दाबताना माझी नजर लाकडावर नव्हतीच, ती स्वारीवर होती.

काही मंडळी म्हणतील, मग चुकलेल्याला बोलूच नये की काय? तसे मी म्हणत नाही. निखारा लागतोच. तेल चोळून काम झाले असते तर बाबांनी शेगडी पेटवलीच नसती. पण ज्याने धरायचे त्याचा हातही त्या निखाऱ्याच्या जवळ असावा लागतो, तळहाताला चटका बसतो. मी बोललो तेव्हा मला काय चटका बसला? मला तर शाबासकी मिळाली.

बाबांच्या आणखी दोन गोष्टी राहिल्या. लाकूड त्यांनी नुसते सरळ रेषेपर्यंत आणले नाही. रेषेच्या थोडे पलीकडे दाबले, कारण सोडल्यावर ते थोडे परत येते. आणि पूर्ण गार होईपर्यंत तसेच धरून बसले. मिरवणूक अंगणात ताटकळली, मीही ताटकळलो, पण ते उठले नाहीत. लाकडात मध्यावरून वर एक गाठ होती, तिथे मात्र त्यांनी जोर लावलाच नाही. उलट तिच्या भोवतीचे लाकूड जरा जाड ठेवले होते. वरच्या टोकाशी एक लहानसा वाकही तसाच राहिला. मी बोट दाखवले तर मास्तरांकरवी म्हणाले, "तो राहू दे. दोरी मुठीच्या मधून जाते ना? मग झालं." धनुष्याला एवढेच पुरते. शिवाय हे लाकूड सरळ करायचे ते पुढे वाकण्यासाठीच, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. बाजूचा वाक काढायचा, म्हणजे ओढल्यावर ते जिकडे वाकायला हवे तिकडे वाकेल.

"आज ओढून बघायचा?" मी विचारले. बाबांनी कामठा सावलीत आडव्या बांबूवर ठेवला. आगीने ओल गेलेली असते, ती हवेतून परत यायला हवी, आठ दिवस तरी. आज ओढला तर काडकन जाईल.

सातपुड्यातून परतल्यावर मी त्या पोराच्या घरी गेलो. तो बाहेर आला नाही. पुन्हा गेलो. दारात उभा राहिला, "बुवा, आई शेतावर गेलीय," म्हणाला आणि आत वळला. तिसऱ्यांदा मी ओट्यावर बसलो आणि मीच बोललो. म्हटले, "बाबा रे, त्या दिवशी मी लोकांकडे बघून बोललो. तुझ्याकडे बघितलंच नाही." तो काही बोलला नाही. त्याची आई तांब्या घेऊन आली, तिने डोळ्यांना पदर लावला. दारूचा विषय मी काढला नाही. वडिलांचा त्याने काढला, तोही थोडासा. मी ऐकत राहिलो. समोरच्या रस्त्याने ओळखीचे लोक जात होते, "रामकृष्णहरी बुवा" म्हणत होते. एक-दोघांना माझ्याकडून उत्तर गेले नाही, त्यांना वाईट वाटले असेल.

मग महिन्या-दोन महिन्यांनी जायचा नेमच झाला. परवाच्या फेरीला माउलीने दोन पाट मांडले आणि तो माझ्या शेजारी जेवायला बसला. अजून पितो. पूर्वीपेक्षा कमी, असे आई सांगते. त्याचे टाळ आमच्या घरी खुंटीला आहेत. त्याने मागितले नाहीत, मी नेऊन दिले नाहीत. आषाढीला अजून दोन महिने आहेत.