सामाईक म्हणजे कुणाचं?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड नावाचा मासा आहे. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, अंडी घालायला परत नदीत येतो. काठावर कोण गळ टाकून बसलंय नि कोण जाळं लावून, त्याला काय ठाऊक.

१८५४ च्या मेडिसिन क्रीक तहात निस्क्वाली, पुयालप या आदिवासींनी जमीन सोडली. मासे धरायचा हक्क ठेवला, गोऱ्यांसोबत सामाईक. पुढं वॉशिंग्टन राज्यानं स्टीलहेड शौकाचा मासा ठरवला. गळ चालेल, जाळं नाही. कायदा सगळ्यांना सारखाच की! पण गळ कुणाच्या हातात नि जाळं कुणाचं? १९७३ साली सुप्रीम कोर्टानंही हा भेदभाव म्हटला. निस्क्वालींचा बिली फ्रँक चौदाव्या वर्षी पहिल्यांदा पकडला गेला. पुढं पन्नासाच्या वर वेळा. १९७४ त न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला: धरण्याजोग्या माशांत निम्म्यापर्यंत हिस्सा आदिवासींचा. गळवाले खवळले. आमचा मासा लुटला म्हणाले.

त्यांचा आनंद खोटा नव्हता. गार पाण्यात कमरेएवढं उभं राहायचं, तेही मासा लागेलच असं नाही. पाळी सुटल्यावर मीही उभा राहिलो असतो. पण शौकवाल्यानं पोटवाल्याचं हत्यार ठरवायचं, हा कुठला सामाईकपणा?

आता राज्य नि जमाती मिळून नियम ठरवतात. मात्र २००७ साली प्युजेट साउंडचा स्टीलहेड धोक्यातला म्हणून जाहीर झाला. धरणं, तोडलेली जंगलं. आता निम्मा म्हणजे कशाचा निम्मा, हे गळवाल्यानं नि जाळंवाल्यानं मिळूनच विचारायचंय.