हातांतील काम काढून घेणें ही दया होय काय?

आमच्या पुष्कळ घरांत असें घडतें. आई म्हातारी होते, एकदां तापानें पडते, आणि बरी होऊन उठते तोंच सून तिच्या हातांतील सूप काढून घेते. "सासूबाई, आतां तुम्ही बसून खा." मुलगा शेळीचें दावें दुसऱ्याच्या हातीं देतो. शेजारणी म्हणतात, केवढें हें म्हातारीचें भाग्य! आणि वर्ष सरतें न सरतें तोंच ती खाटेला खिळते. हें वयाचें फळ कीं आमच्या दयेचें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

इंग्लंडांत यॉर्क शहरीं विल्यम ट्यूक या क्वेकर गृहस्थानें १७९६ सालीं वेड लागलेल्यांकरितां 'रिट्रीट' नांवाचें घर उघडलें. त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं अशा रोग्यांस साखळदंडांत ठेवीत. येथें त्यांस शिवण, विणकाम, बाहेरचें काम देण्यांत आलें, आणि नेमानें काम करणारा रोगी स्वतःस आवरूं लागतो, असा तेथील चालकांस अनुभव आला. पुढें १९१७ सालीं अमेरिकेंत या उपचाराच्या प्रसारार्थ संस्था निघाली. आपल्या इकडे त्याला व्यवसायोपचार म्हणतात, व जन्मानें अमेरिकन अशा कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्याची शाळा काढली. व्यवसाय या शब्दानें मात्र घोटाळा होतो. येथें पोटाचा धंदा तेवढाच अभिप्रेत नाहीं; अंग धुणें, भाकरी थापणें, नातवाला निजविणें, ज्या ज्या कृतींत मनुष्याचा दिवस जातो त्या सर्व त्यांत येतात.

परंतु चांगल्या हेतूच्या गोष्टींसही पुरावा पाहिजे. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं साठ व त्यापुढील वयाच्या ३६१ स्त्रीपुरुषांचे, जणूं चिठ्ठ्या टाकून, तीन गट करण्यांत आले. त्याचा वृत्तांत १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटास नऊ महिने व्यवसायोपचार मिळाला. दुसऱ्यास खेळ, बोलपट, सहली, हस्तकला असा कार्यक्रम मिळाला. तिसऱ्यास कांहींच नाहीं. आश्चर्य हें कीं, दुसरा गट तिसऱ्याहून बरा निघाला नाहीं! सोबत आणि करमणूक एवढ्यानें भागलें नाहीं. पहिल्या गटाची मात्र अंगांतील उभारी व मनाचें स्वास्थ्य, हीं इतरांहून चांगलीं राहिलीं. आणि उपचार संपल्यावर सहा महिन्यांनींही तो लाभ बहुतांशीं टिकून होता. त्यांस असें काय दिलें? आपला दिवस कशांत जातो याचा विचार करावयास शिकविलें. बसगाडीनें हवें तेथें कसें जावें, दुखऱ्या सांध्यांवर भार न घालतां काम कसें करावें, घरांत पडूं नये म्हणून काय करावें, हें दाखविलें. पुढें ४६० जणांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगांतही लाभ दिसला, पण तो माफक होता, हेंही सांगितलें पाहिजे.

येथें आम्हांस एक भय वाटतें. हें ऐकून एखादा मुलगा सत्तरीच्या बापाला भर उन्हांत औतावर धाडील आणि म्हणेल, वैद्यशास्त्र असेंच सांगतें! ज्यानें जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर घाम गाळला त्याचा विसावा हिरावून घेण्यास या शास्त्राचा आधार मुळींच नाहीं. युरोपांतील वेड्यांच्या इस्पितळांतही पुढें रोग्यांचें काम हें पुष्कळदां संस्थेचा खर्च वांचविण्याचें साधन होऊन बसलें. काम लादणारा आणि काम काढून घेणारा हे दोघे भिन्न दिसतात खरे. पण ज्याचे हात त्याला विचारण्याचें दोघांच्याही मनांत येत नाहीं.

म्हणून घरोघर भेटीस जाणाऱ्या बंधूंनीं खाटेजवळ बसून, "आजी, बरें वाटतें ना?" एवढेंच विचारून उठूं नये. "आजी, कोणतें काम तुम्हांला सोडवत नाहीं?" असें विचारावें. ती कदाचित् म्हणेल, दळण नको, पाणी नको, पण तांदूळ मीच निवडीन. मग तिच्यासाठीं हलकें सूप आणावें, पाटाऐवजीं उंच बैठक करावी, उजेडाकडे तोंड करून बसवावें. आणि एखादा खडा राहिलाच, तर जेवतांना सुनेनें कांहीं बोलूं नये.